निकम बाईंचं बारावं घर

आता तुम्हीच सांगा, सातवी ब चा मॉनिटर नेमायला राज्याभिषेक कोण करतं? बाकीच्या वर्गांत काय, बाई यायच्या, पहिल्या बाकावरच्या एखाद्या हुशार पोराकडं बोट दाखवायच्या, "तू मॉनिटर, फळा पूस," झालं. आमच्या निकम बाईंना ते चालायचं नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पुढचे पंधरा दिवस त्यांचं हेच. आधी मतदान, मग घरोघर फेरी, मग छडी, मग पाणी आणि शेवटी मुकुट. सातपूरची आमची शाळा, कंपनीतल्या कामगारांची पोरं. बापाची शिफ्ट बदलली की यांची जेवायची वेळ बदलायची. त्यातल्या एकाला बाई दरवर्षी राजा करायच्या. मुलगी निवडून आली तर तिलाही राजाच म्हणायचं, राणी नाही. "राणी म्हणजे राजाची बायको. ही कुणाची बायको आहे का?" असं विचारायच्या.

गेल्या माघात बाई सुरतेला वारल्या. त्यांच्या बहिणीचा फोन आला मला. बारा दिवसांनी आला, म्हणजे दहावं-बारावं सगळं उरकून. मी म्हटलं, अहो, आधी कळवायचं तरी! तर म्हणाली, "ताईंनीच सांगितलं होतं, नाशिकला कुणाला त्रास देऊ नका." घ्या! मेल्यावरसुद्धा यांचं आपलं तेच. मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून भरपूर रडले. रागानंच जास्त रडले, खोटं कशाला बोलू.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यामुळं मुकुटाचं खातं माझ्याकडं. पहिल्या वर्षी मी नवी होते, मारे जीव ओतून मुकुट केला. पुठ्ठा, सोनेरी कागद, टिकल्या, वर मोरपीस. बाईंनी हातात घेऊन चारी बाजूंनी बघितला.

"छान झालाय गं, मीना. पण सैल आहे."

"पोरांची डोकी लहान-मोठी असतात, म्हणून सैलच ठेवलाय."

"आवळ जरा. टोचला पाहिजे. घातला की कधी एकदा काढतो असं झालं पाहिजे त्याला."

मनात म्हटलं, ही बाई ठार वेडी आहे. पण आवळला. पोराच्या कपाळावर लाल वळ उठला आणि बाईंनी तो सगळ्या वर्गाला दाखवला.

दिसायला बाई म्हणजे उंच, काटकुळ्या. सुती साडी, खांद्याला पिन, हातात स्टीलचा डबा. डबा कायम उभ्यानं खायच्या, खिडकीशी, चार घासांत. कितीदा म्हटलं, बसा हो जरा. "बसून जेवायला कुणी वाढणारं लागतं," म्हणायच्या आणि हसून डबा धुवायला जायच्या. हौस अशी एकच, नखांची. रंग वगैरे काही नाही, पण अशी निगुतीनं कापलेली, जराशी लांब, स्वच्छ नखं. खडू धरताना उठून दिसायची. वर्गात बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध, पण माहेर सटाण्याकडचं, त्यामुळं फार राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणी बाहेर पडायची. मग पोरं खूश.

राज्याभिषेकाचं वेड त्यांना कुठून लागलं माहीत नाही. जुने संस्कृत ग्रंथ मराठी अर्थासकट वाचायच्या. "मुकुट फार मागून आला," असं सांगायच्या. "आधी कपाळाला नुसती पट्टी बांधायचे. कापडाची, मग सोन्याची. पट्ट बांधलेली ती पट्टराणी. आणि त्याच्याही आधी होतं ते पाणी. नदीचं, समुद्राचं, विहिरीचं, दवाचं, पावसाचं. सगळ्यांनी आणायचं आणि सगळ्यांनी ओतायचं. मुकुट चोरून घालता येतो. पाणी दुसऱ्यानंच घालावं लागतं." मग पोरांकडून म्हणून घ्यायच्या, "आधी पाणी, मग सोनं." आमच्या सातवी ब मध्ये समुद्राचं पाणी कुठलं! कुणी नळाचं आणायचं, कुणी टँकरचं, कुणी बापाच्या कंपनीतल्या कूलरचं. एका पोरीनं गोदावरीचं म्हणून बाटली आणली, तिला हिरवा वास येत होता. बाईंनी तेही ओतलं. राजा दिवसभर ओल्या डोक्यानं गणित सोडवत बसला.

छडीचंही तसंच. पाठीवर तीन हलक्या छड्या. जुन्या विधीत पुरोहित राजाला असं मारायचे म्हणे, गुपचूप, एक शब्द न बोलता. "एकदा राजा झाला की त्याला कुणी मारू शकत नाही. मग काय मारायचं ते आधीच मारून घ्यायचं!" यावरून एकदा एक पालक तणतणत आला. कंपनीतून थेट, अंगावर निळा ड्रेस, हाताला ग्रीस. "माझ्या पोराला मारलं कसं काय?" बाईंनी छडी त्याच्या हातात दिली आणि पाठ केली. "मारा तीन. वर्गाची राज्यकर्ती मीपण आहे, माझं राहूनच गेलंय." तो बिचारा छडी धरून उभा, ना मारता येईना ना ठेवता येईना. शेवटी म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम, लय झालं," आणि पोरालाच टपली मारून निघून गेला.

पण बाईंचा सगळा जीव होता तो घरांच्या फेरीत. विधीत असं आहे म्हणे, की राजानं अभिषेकाआधी रोज एकेकाच्या घरी जायचं. सेनापती, रथ हाकणारा, गावचा पाटील, कोठार सांभाळणारा. यांना राजाची रत्नं म्हणायचे. त्यांनी हो म्हटलं तर तो राजा. आमच्याकडची रत्नं म्हणजे घंटा देणारे तुकाराममामा, खिचडी शिजवणाऱ्या ताई, झाडूवाल्या मंदामावशी, रिक्षावाले काका, वॉचमन, अशी अकरा घरं. मॉनिटरनं प्रत्येकाच्या दारात जायचं, आत बोलावलं तर जायचं, देतील ते खायचं आणि विचारायचं, "मी राजा होऊ का?" त्यांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. भाषण नाही.

एका वर्षी एक चुणचुणीत मुलगी निवडून आली. तिनं दहा घरं केली आणि मंदामावशींचं गाळलं. वस्तीत कशाला जायचं, असं घरी कुणीतरी म्हणालं असणार. मुकुट तयार, पाणी तयार, वर्ग सजवलेला. बाईंनी विचारलं, "अकरा झाली?" पोरगी हो म्हणाली. मंदामावशी दारातच झाडू घेऊन उभ्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या. बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मुकुट कपाटात ठेवला, कुलूप लावलं. आठ दिवस वर्गाला मॉनिटर नाही. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, वर्गात बाजार भरलाय. बाई म्हणाल्या, "भरू दे." नवव्या दिवशी ती पोरगी एकटी गेली मंदामावशींकडं. मावशींनी हातावर गुळाचा खडा ठेवला आणि हो म्हणाल्या. पोरगी शाळेत आली ती रडतच, गूळ मुठीत चिकटलेला. बाईंनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं ते अहिराणीत काहीतरी पुटपुटत. मला तेव्हा कळलं नाही, एवढं काय त्यात.

आणखी एक मला कळलं नव्हतं. एका पुस्तकी किड्यानं एकदा हात वर केला. "बाई, मी वाचलंय, घरं बारा असतात." बाईंचा चेहरा खाडकन उतरला. "बारावं राजाचं खासगी असतं. तुम्हाला अकरा पुरे," म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता.

बाईंच्या घरचं शाळेत सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलायचं नाही. नवरा चांदवडकडच्या एका गावातला, कांद्याची मोठी शेती, गावात वजन. लग्नानंतर पाच वर्षांनी बाईंना नाशकात नोकरी लागली. नवरा म्हणाला, नोकरी नाहीतर घर. बाईंना वाटलं, सहा महिने रुसेल, मग येईल लाइनीवर. चार वर्षांच्या हर्षलला सासूजवळ ठेवून त्या आल्या, शनिवारी-रविवारी जायचं असं ठरवून. नवऱ्यानं सहा महिन्यांत दुसरी केली. पोरगा तिकडंच राहिला. आजी होती तोवर सुट्टीत चार दिवस घेऊन यायची, ती गेल्यावर तेही थांबलं. गाव काय म्हणालं? पोर टाकून नोकरी करायला गेली. बाई स्वतःही तेच म्हणायच्या. "मी पैज लावली गं, मीना. पोराची पैज लावतात का?" एकदाच बोलल्या, परत नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, एप्रिलमध्ये, आम्ही पेपर तपासत बसलो होतो. बाईंनी पेपर बाजूला सारले आणि पिशवीतून पुरचुंडी काढली. काळं भात, टरफलासकट. पेठकडच्या डोंगरात पिकतं तसलं, खिचडीवाल्या ताईंच्या गावचं. एकेक दाणा घेऊन नखानं सोलायला लागल्या.

"अहो बाई, हे काय चाललंय? गिरणी आहे ना!"

"गिरणीचं चालत नाही. नखांनीच सोलावं लागतं."

"का चालत नाही?"

"हर्षलचं लग्न ठरलंय. इथंच नाशकात, लॉन्सवर. बहिणीनं कळवलं." आणि मग एकदम वर्गात बोलतात तशा बोलायला लागल्या. "वरराजा म्हणतो ना आपण, ते उगीच नाही. हळद लावून पाणी घालतात, कपाळाला बांधतात, वर छत्री, खाली घोडा. राज्याभिषेकच तो, गरिबाला परवडणारा. मग आधी घरं पण आलीच. तो येईल."

"कोण सांगणार त्याला?"

"सांगावं लागत नाही. राजाला यावंच लागतं."

आठ दिवस सोलत होत्या. जेमतेम ओंजळभर तांदूळ निघाला. एकेक नख करत सगळी तुटली, कडेला काळी रेघ बसली, एका बोटातून रक्त आलं. मी ओरडले, द्या इकडं, मी सोलते. देतील तर शपथ.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्या सातपूर कॉलनीतल्या दीड खोलीत पुस्तकं बांधायला मदत करत होते. खाली पांढरी गाडी थांबली. बाई उठल्या, पदर सारखा केला, आणि दाराशी न जाता आत जाऊन गॅस पेटवला. मला म्हणाल्या, "दार तू उघड."

हर्षलच होता. अठ्ठावीस वर्षांचा, देखणा, बाईंसारखाच उंच. हातात पेढ्यांचा बॉक्स. पत्रिका नव्हती. मी त्याच्या दोन्ही हातांकडं बघितलं, नव्हतीच.

"मोठी आई आहेत का?" म्हणाला.

मोठी आई! जिनं जन्म दिला तिला मोठी आई, आणि तिकडं मम्मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई मात्र आतून शांतपणे बाहेर आल्या.

"बस. हात धू आधी."

"बसत नाही. अजून लय ठिकाणी जायचंय."

"पाच मिनिटं."

त्यानं हात धुतले. बाईंनी पातेल्यात त्या काळ्या भाताची पेज आणली, ताट घेतलं आणि चक्क मांडी घालून जमिनीवर बसल्या. पंधरा वर्षांत मी त्यांना जेवायला बसलेलं पहिल्यांदा बघत होते.

"वाढ मला."

"मी?"

"तूच. तुझ्या हातानं."

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं दोन पळ्या वाढल्या. बाईंनी सगळं खाल्लं, सावकाश, ताट बोटानं निपटून. त्यानं मान खाली घातली होती. मग घसा साफ केला.

"ते… लग्न इथंच आहे ना. पाहुणे सगळे ओळखीचे. कुणीतरी तुमच्याकडं येणार, मग तिथं विषय निघणार. मम्मीच्या माहेरचे पण असतील. वडील म्हणत होते, म्हणजे मला पण वाटतं… त्या दिवशी तुम्ही नाशकात नसलात तर बरं होईल. एकच दिवस. चालेल ना?"

माझ्या तोंडात शिवी आली होती, देवाशप्पथ. बाईंनी ताट उचललं, मोरीत धुतलं, त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हो," म्हणाल्या. एवढंच. तुकाराममामा म्हणायचे तसं, मंदामावशी म्हणाल्या तसं.

तो पाया पडला. बाईंनी हात पुसला नव्हता, तसाच ओला डोक्यावर ठेवला. चार थेंब केसांत पडले. जिना उतरताना त्यानं रुमालानं डोकं पुसलेलं मी वरून बघितलं. बाईंनी बघितलं नसावं. त्या दारातच उभ्या होत्या.

"मना राजा उना व, मीना," म्हणाल्या. माझा राजा आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा नुसता उजळला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मीच त्यांना स्कूटीवरून स्टँडवर सोडायला निघाले. सुरतेला, बहिणीकडं. सामान म्हणजे एक बॅग आणि पिशवी. मी मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जात होते, तर मागून म्हणाल्या, "लॉन्सवरून घे." कमानीवर त्याचं नाव होतं, फुलांत, आणि खाली मुहूर्ताची वेळ, बारा पस्तीस. बँडवाले सनई जुळवत होते. बाईंनी थांब म्हटलं नाही. फक्त विचारलं, "किती वाजले?"

"पावणेनऊ."

"मग हळदीचं पाणी पडलं असेल," म्हणाल्या.

स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "कसला हो तुमचा राजा! आईला गाव सोडायला सांगणारा! आणि तुम्ही हो म्हणता?"

"रागावू नको. बारावं घर तेच असतं," बाई म्हणाल्या. "राजानं टाकलेली बायको असते ना, तिचं. सगळ्यात शेवटी तिच्या दारात जायचं. काळ्या भाताचे नखांनी सोललेले तांदूळ शिजवायचे. ते अलक्ष्मीचं, नकोशीचं वाढप. ते तिथं द्यायचं आणि त्या बाईला सांगायचं, आज माझ्या राज्यात राहू नकोस. ती गेली की त्याच्यामागची पीडा गेली. मग त्याला अभिषेक." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "पोरांना कसं सांगणार गं हे? म्हणून अकराच सांगायची."

"म्हणजे तो हे सांगणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"विधीतच आहे ते."

"आणि तरी सोलत बसलात?"

"त्याला कुठून माहीत असणार? त्याचं काही अर्धवट राहायला नको." मग हळूच म्हणाल्या, "फोनवर सांगता आलं असतं त्याला. कुणाकडून निरोप धाडता आला असता. दारात आला, मीना. इतक्या वर्षांनी माझ्या दारात आला. हातानं वाढलं मला."

मी तिथंच, भर स्टँडवर, तोंडाला ओढणी लावून हुंदके द्यायला लागले. आणि त्या मलाच थोपटत होत्या.

गाडी लागली. बाईंना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, "कुठं, आजी?"

"सुरत. पण मला सांगा, जिल्ह्याची हद्द कुठं संपते?"

"सापुताऱ्याच्या अलीकडं. का हो?"

"बारा पस्तीसच्या आत ओलांडेल ना गाडी?"

"ओलांडेल की. साडेअकरालाच ओलांडेल. काय काम आहे तिकडं?"

"काम नाही. मुलाचं लग्न आहे," बाई म्हणाल्या.

कंडक्टरला काही उमजलं नाही, त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढं गेला. एका दिवसाचं सांगितलं होतं त्यांना. बाई गेल्या त्या परत आल्याच नाहीत. खोलीचं सामानसुद्धा मग मीच पाठवलं.

गाडी मागं आली, वळली. मी हात हलवत होते. बाईंनी हात हलवला नाही, खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून त्या माझ्याकडं बघत होत्या. मला त्यांची बोटं दिसत होती. नखं अजून वाढलेली नव्हती.